माळाला पडीक म्हणणं आधी थांबवा

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस नुसती वादावादी चालली होती. गाव उत्तर सोलापूर तालुक्यातलं, नान्नजच्या माळढोक अभयारण्यापासून फार लांब नाही. गावाच्या वरच्या अंगाला जो माळ आहे त्यातलं गायरान सोलार प्रोजेक्टला द्यायचं असं कुणीतरी टाकलं आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणे, द्या की, शेतीला दिवसा लाईट मिळेल, रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणं तरी थांबेल. दुसरे म्हणे, सोलार नको, आपण तिथं पाच हजार झाडं लावू, पुढच्या पिढीला सावली देऊ. मधेच एकानं माळढोकाचा फोटो टाकला, त्यावर उत्तर आलं, "तो पक्षी आता उरलाय कुठं, त्याच्यापायी आधीच आपलं वाटोळं झालंय." मी सगळे मेसेज बसून वाचले आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली. एवढं भांडूनसुद्धा दोन्ही बाजूंचं एका वाक्यावर एकमत होतं, की नाहीतरी ती जागा पडीकच आहे.

माझं म्हणणं इथंच सुरू होतं. ती जागा पडीक नाही, कधीच नव्हती. माळढोक आज नामशेष व्हायच्या काठावर आहे त्याला शिकार कारण आहे, विजेच्या तारा कारण आहेत, भटकी कुत्री कारण आहेत, हे सगळं खरं, पण या सगळ्याच्या मुळाशी आपण त्याच्या घराला दिलेलं हे नाव आहे. ज्या जमिनीला आपण रिकामी समजतो तिथं काय आणायचं यावर वाद होतो, तिथं आधीपासून काय आहे हे कुणी विचारतच नाही. म्हणून पक्षी की वीज, झाडं की पॅनल, हे दोन्ही वाद मला चुकीच्या जागी उभे राहून घातलेले वाटतात.

आधी काय आहे ते सांगतो. पावसाळ्यात माळावर गेलात तर पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी गवतं गुडघ्याला लागतात. त्यात चंडोल, लावे, पखुर्ड्या, धाविक, सगळे जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांना झाड लागतच नाही, उलट झाड आलं की त्यावर बसून घरट्यावर नजर ठेवणारे शिकारी पक्षी येतात. काळवीट, खोकड आणि लांडगा यांना लांबवर बघायला आणि पळायला मोकळं रान लागतं. आणि माळढोक, ज्याला आमच्याकडं जुनी माणसं हूम म्हणतात. उंचीला मीटरभर, नर चांगला पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे जड पक्षी जगात मोजकेच. मी लहान असताना वडिलांच्या स्कूटरवरून नान्नजला जाऊन एकदा नर बघितला होता, जुलै असावा. गळ्याखालची पिशवी फुगवून पांढरी शुभ्र, शेपूट पाठीवर उलटी टाकलेली आणि असा खर्जातला घुमणारा आवाज की तो कानांपेक्षा छातीत जास्त जाणवला. त्या आवाजावरूनच हूम नाव पडलं असं वडील म्हणाले होते. माझ्या पुतण्याला तो आवाज ऐकवायचा तर आता यूट्यूबच लावावं लागतं.

आता हा पडीक शब्द आला कुठून? रिकामं रान, उजाड रान अशा अर्थानं तो जुनाच असेल, पण सरकारी कागदावर तो पक्का झाला तो इंग्रजांच्या महसुलामुळं. मुंबई इलाख्यातली ती प्रसिद्ध जमीन मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी 1835-36 च्या सुमारास सुरू केली ती कुठं, तर इंदापूर तालुक्यात, म्हणजे ऐन माळरानाच्या पट्ट्यात. ज्या जमिनीतून सारा येतो ती कामाची, ज्यातून येत नाही ती पड. सरकारच्या तिजोरीच्या बाजूनं बघितलं तर हिशोब बरोबरच होता. पण स्वातंत्र्यानंतर आपण तो हिशोब तसाच पुढं चालवला. गावच्या दप्तरात मुलकी पड, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, आणि दिल्लीत तर उपग्रहाच्या फोटोंवरून देशभरातल्या पडीक जमिनींचा ॲटलास निघतो, त्यात गवताळ आणि झुडपी रानं पडीक म्हणून रंगवलेली असतात. संशोधकांनी अलीकडं केलेल्या मोजणीनुसार अशा मोकळ्या, अर्धकोरड्या निसर्गानं देशाच्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा व्यापलाय आणि त्यातला अगदी थोडा भाग अभयारण्यांत येतो. देशाचा दहावा हिस्सा आपण कागदावर निरुपयोगी ठरवून बसलोय, मग तिथं राहणारा पक्षी टिकणार कसा?

1969 च्या आसपास देशात अंदाजे 1260 माळढोक होते असं सांगितलं जातं, आज दीडशेच्या आत आहेत, तेही बहुतेक सगळे जैसलमेरच्या वाळवंटात. तिकडं त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. कच्छमध्ये नर उरलेला नाही, चार-दोन माद्या आहेत फक्त. आपल्याकडं सोलापुरात एखादा दिसला तर पेपरला बातमी येते. मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि जवळपास चार आठवडे उबवते. त्या चार आठवड्यांत एक कुत्रं, एक ट्रॅक्टर, एक वणवा पुरेसा आहे. ही कुत्रीही आपोआप वाढली नाहीत. जनावरांच्या डायक्लोफेनॅक या औषधानं गिधाडं 95 टक्क्यांहून जास्त मेली, 2006 मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद झालं तोवर उशीर झाला होता, आणि गावाबाहेर टाकलेली मेलेली जनावरं कुत्र्यांना मिळायला लागली. गिधाड दिसायला ओंगळ म्हणून कुणी त्याची फिकीर केली नाही, माळ दिसायला उजाड म्हणून त्याचीही नाही.

आता विरोधातलं जे सगळ्यात खरं आहे त्याकडं येतो, कारण ते टाळून पक्षीप्रेमी लोक बोलतात आणि म्हणूनच आमच्या भागात त्यांचं कुणी ऐकत नाही. 1979 मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते किती? 8,496 चौरस किलोमीटर. सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके, शेती, गावठाणं, वस्त्या, सगळं त्यात. गोव्याच्या दुपटीहून मोठं अभयारण्य, आणि त्यातल्या कितीतरी जमिनीवर माळढोक एक पिढी तरी उतरला नव्हता. जमीन विकायची तर अडचण, एनए म्हणजे बिगरशेती करायची तर अडचण, विहिरीपासून कारखान्यापर्यंत कशालाही परवानगीचं झेंगट. माझ्या चुलत्यांची दीड एकराची वाटणी या कागदांपायी कित्येक वर्षं लटकली, मुलीच्या लग्नाला ती विकता आली नाही म्हणून सावकार करावा लागला. त्यांच्यासमोर मी माळढोकाचं नाव काढत नाही. तो राग खोटा आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पुढं ते क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोवर दोन पिढ्यांच्या मनात पक्षी म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचा बोजा हे पक्कं बसलं होतं. मध्य प्रदेशात करेराला अगदी हेच झालं. 1981 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य केलं, लोकांच्या खासगी जमिनी अडकल्या, राग वाढत गेला, 1990 च्या दशकात पक्षी तिथून पूर्ण संपला आणि अखेर 2022 मध्ये अभयारण्यच रद्द झालं.

पण या अनुभवातून निष्कर्ष काय काढायचा? ग्रुपवर निष्कर्ष निघाला की पक्षी गेला तर सुटलो. मला उलटं दिसतं. ज्या जमिनीला वाचवायला हवं होतं ते गायरान, ते सरकारी कुरण, ते वनखात्याकडचे गवताचे तुकडे, त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही, आणि ज्या जमिनीवर माणसं पोट भरत होती तिच्यावर शिक्के मारले. का? कारण नकाशावर रेघ मारणाऱ्यालाही माळ दिसत नव्हता. त्याला फक्त पक्षी दिसत होता, आणि पक्षी कुठंही उडतो म्हणून सगळाच जिल्हा घेऊन टाकला. त्याच काळात उजनी धरणाचं पाणी आलं, बोअर आले, ऊस आला, खासगी माळ मोडून बागायत झाली. शेतकऱ्यानं आपला माळ मोडला यात त्याला दोष देता येत नाही, चार पैसे कुणाला नको असतात. दोष याचा की जे सार्वजनिक होतं तेही राखलं नाही, आणि आता उरलेलं तेवढं तरी राखा म्हटलं की लोकांना 1979 आठवतं.

दुसरा मुद्दा विजेचा, आणि तो हलका नाही. कोळसा जाळणं कमी करायचं तर सूर्याची वीज लागणार, आणि दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं हा त्याचा हक्क आहे, रात्री पाणी द्यायला जाऊन साप चावून मेलेली माणसं मी माझ्या गावात बघितली आहेत. राजस्थानात वीज की माळढोक हाच पेच सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ज्यांनी 1972 च्या वन्यजीव कायद्याचा मसुदा करण्यात मोठा वाटा उचलला त्या एम. के. रणजितसिंह यांनीच याचिका केली होती. माळढोकाचे डोळे बाजूला असतात, समोरचं त्याला नीट दिसत नाही, त्यात अंग जड, तार जवळ आल्यावर पटकन वळता येत नाही, धडकतो आणि मरतो. एप्रिल 2021 मध्ये कोर्टानं तारा जमिनीखालून घ्यायचा आदेश दिला. मार्च 2024 मध्ये तो सरसकट आदेश मागं घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क आहे असंही म्हटलं. मी त्या निकालावर नाराज होतो, पण नीट वाचल्यावर त्यातली अडचण कळते, हजारो किलोमीटरच्या हाय व्होल्टेज लाईनी जमिनीत गाडणं सोपं नाही.

तरीही या सगळ्यात एक प्रश्न राहूनच जातो. सोलार आधी माळावरच का जातो? ऊन तर गोदामाच्या पत्र्यावरही पडतं, साखर कारखान्याच्या शेडवर पडतं, बाजार समितीच्या छतावर पडतं, कालव्यावरही पडतं. गुजरातनं 2012 मध्येच मेहसाणा जिल्ह्यात कालव्यावर पॅनल टाकून दाखवले, जमीन वाचली आणि पाण्याचं बाष्पीभवनही कमी झालं. उजनीचे कालवे काय कमी लांबीचे आहेत? क्षारानं खराब झालेल्या, खरोखर पीक न येणाऱ्या जमिनी उसाच्या पट्ट्यात पडून आहेत. पण कालव्यावर खर्च जास्त, छतावर शंभर मालक, खराब जमिनीला मालक आहे तो भाडं मागतो. गायरान नाममात्र भाड्यात मिळतं, एका ठरावात मिळतं. म्हणजे माळ निवडला जातो तो तिथं ऊन जास्त आहे म्हणून नाही, तो स्वस्त आहे म्हणून, आणि स्वस्त आहे कारण आपण त्याला पडीक म्हटलंय. त्या भावात माळढोकाची किंमत धरलेली नाही, मेंढरांच्या चाऱ्याचीही नाही.

तिसरी बाजू झाडवाल्यांची, ते आपलेच लोक आहेत म्हणून त्यांच्याशी भांडताना मला जास्त त्रास होतो. झाड लावणारा माणूस चांगल्या मनाचा असतो, त्यात शंका नाही. पण आपली पर्यावरणाची सगळी समज जंगलातून आलेली आहे. 1973 चं चिपको आंदोलन झालं ते झाडाला मिठी मारून. केरळातली सायलेंट व्हॅली विजेच्या धरणाखाली जाणार होती, ती वाचली सदाहरित जंगल म्हणून, तिथंही तेव्हा विचारलंच होतं की काही माकडांसाठी वीज सोडायची का, आणि लोकांनी सिंहपुच्छ माकडाच्या बाजूनं उभं राहून ते धरण थांबवलं. गवताला मिठी कशी मारणार? त्याचं आंदोलन कधी झालंच नाही. उलट 2019 मध्ये राज्यात 33 कोटी झाडं लावायची मोहीम निघाली तेव्हा जागा कुठं शोधायची हा प्रश्न पडला आणि ठिकठिकाणी खड्डे पडले ते माळावर. पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, खाली वितभर माती आणि मग मुरूम, तिथं गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ अशी बाहेरून आलेली झाडं लावायची, निम्मी मरणार, जगतील ती गवत मारणार. गिरिपुष्पाखाली गवत धड वाढत नाही, मेंढ्या त्याला तोंड लावत नाहीत, लांडगा तिथं राहत नाही. कागदावर मात्र हिरवं आच्छादन वाढलं!

झाडं कार्बन धरतात हा त्यांचा मुख्य मुद्दा, तो बरोबरच आहे. पण गवतही धरतं, फक्त जमिनीखाली, मुळांत आणि मातीत, वणवा आला तरी तो बराचसा तिथंच राहतो. आणि ही मुळं उपटली की काय होतं हे अमेरिकेनं 1930 च्या दशकात बघितलंय. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला म्हणून तिथल्या मधल्या मैदानांवरचं शेकडो वर्षांचं गवत नांगरून टाकलं, पुढं दुष्काळ पडला, माती धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं. 14 एप्रिल 1935 ला धुळीचं असं वादळ आलं की भर दिवसा अंधार झाला, त्या दिवसाला ते अजून काळा रविवार म्हणतात, आणि लाखो लोक घरंदारं सोडून गेले. त्या रानालाही आधी लोक ओसाडच म्हणत होते.

राहिला शेवटचा प्रश्न, जो ग्रुपवर सगळ्यात जोरात विचारला गेला. पक्षी तर गेलाच, मग माळ कुणासाठी राखायचा? एक तर माळ फक्त त्याचा नाही. भारतीय लांडगे देशात सुमारे 3000 उरलेत, म्हणजे वाघांपेक्षाही कमी, आणि पुणे, सोलापूर, अहिल्यानगरचा पट्टा हे त्यांचं घर आहे. माळ संपला की काळवीट मरत नाही, ते तुमच्या ज्वारीत येतं. आणि माळावर माणसंही आहेत. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरते तळ, दरवर्षी पावसाच्या मागं फिरतात, त्यांच्या मेंढ्या शेतात बसवल्या की जमिनीला खत मिळतं, त्यासाठी शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो, हा व्यवहार कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा जुना आहे. गायरानाला कुंपण पडलं की हा माणूस मेंढरं घेऊन कुठं जाईल? ग्रुपवर त्यांच्यातला एकही जण नव्हता, म्हणून हा प्रश्न आलाच नाही.

दुसरं म्हणजे पक्षी गेलाच हे मला मान्य नाही. जैसलमेरजवळ 2019 पासून माळढोकाची कृत्रिम पैदास सुरू आहे, ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं, केंद्रात वाढलेल्या पक्ष्यांची संख्या आता पन्नासच्या वर गेली आहे. गीरचे सिंह विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोटावर मोजण्याइतके उरले होते असं म्हणतात, 2025 च्या गणनेत ते 891 भरले. अमेरिकेतले हूपिंग क्रौंच 1941 मध्ये वीस-बावीस होते, आज शेकडो आहेत. सिंह काय, क्रौंच काय, परत आले ते त्यांच्यासाठी कुठंतरी जागा शिल्लक होती म्हणून. ही माळढोकाची पिल्लं मोठी होतील, त्यांना सोडायची वेळ येईल तेव्हा आपल्याकडं काय असेल? चित्त्याचं बघा, 1952 मध्ये तो देशातून संपल्याचं जाहीर झालं, 2022 मध्ये नामिबियाहून आणला आणि जागेचा शोध अजून चालूच आहे. जनावर विमानातून आणता येतं, माळ आणता येत नाही.

म्हणून ग्रामसभेत मी सोलारला विरोध करायला उभा राहणार नाही, झाडांनाही नाही. मी तीन गोष्टी मागणार आहे. ठरावातून पडीक शब्द काढून गवताळ कुरण असं लिहा. पॅनल आधी कारखान्याच्या आणि सोसायटीच्या गोदामाच्या छतावर, खालच्या अंगाच्या खारपड जमिनीवर बसवा आणि त्या जमिनीच्या मालकाला रीतसर भाडं द्या, वरचा माळ सगळ्यात शेवटी. आणि झाडं लावायची तर ओढ्याकाठी, बांधावर, शाळेभोवती, रस्त्याच्या कडेला लावा, लिंब, करंज, बाभूळ, हवी तेवढी, मीही खड्डे खणायला येतो. यात कुणाच्या खासगी सातबाऱ्यावर एकही शिक्का पडत नाही, हे मी चुलत्यांना आधीच जाऊन सांगून आलोय. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, वरच्या माळावर आम्ही पोरं असताना हूम यायचा, ज्वारीच्या कडेला उभा राहायचा, आम्ही त्याला हाकलत नव्हतो. ग्रामसभा पुढच्या बुधवारी आहे, येतो म्हणालेत.